कोरड्या गावी रत्नमाला

निवृत्तीला वर्ष उरलं असताना सरकारी होडी रत्नमाला हिची रत्नागिरीहून माण तालुक्यात बदली झाली आणि ती एसटीने जाऊन वेळेवर रुजू झाली. कंडक्टरने लगेज लावलं नाही. कर्मचारी म्हणून अख्खं तिकीट फाडलं.

खाडीत खुणेचे बोये बसवण्यात तिचा जन्म गेलेला. माणात ना खाडी, ना ओढ्याला पाणी. सोबत आलेला तांडेल, म्हणजे तिला हाकणारा पद्माकर वासावे धास्तावलाच. लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात, फटी पडतात.

"तांडेल, माझ्या अंगातून पलीकडचं दिसतंय का रे?" रत्नमालाने विचारलं.

"छे गो, काहीतरीच तुझं," पद्माकर म्हणाला. दिसत होतं, चांगलं बोटभर.

सोमवारी साहेब तपासणीला येणार होते. होडीच्या फळ्यांनी पाणी अडवलं नाही तर तिचा लिलाव. जळणाच्या शोधातला वीटभट्टीवाला येऊन दोनदा तिच्यावर हात फिरवून गेला होता.

सरपंच सोजरबाईंनी तोड काढली. "आवं, गावाची टाकी फुटलीया. टँकर हिच्यातच वतू. हिच्या फळ्या फुगत्याल, आमचंबी भागंल."

पद्माकरने फटींत कापूस आणि राळ ठासली. टँकर आला, होडी भरली. पद्माकर निर्धास्त झोपला, आणि तिथंच घात झाला. पहाटे डोळे उघडतो तर होडीत गुडघाभर पाणी! "अगो बुडाली, बुडाली!" ओरडत त्याने डबा घेतला आणि सगळं पाणी मातीत उपसून टाकलं. जन्मभर त्याने हेच केलं होतं.

बायका हंडे घेऊन आल्या आणि जागीच थिजल्या.

"मुडद्या, गावाचं पानी वतलंस!" सोजरबाई कडाडल्या.

"हात ऐकत नाहीत हो माझे," म्हणत पद्माकर पोरासारखा रडला. आता गावही तहानेलं आणि रत्नमालाही भट्टीत जाणार, दोन्ही पापं त्याच्याच माथी.

रविवारी पुढचा टँकर आला. पद्माकरने आपणहून हात पुढे केले आणि बायकांनी ते होडीच्याच नांगराच्या दोराने बांधले.

साहेबांनी सोमवारी आधी हेच विचारलं, "यांना बांधलंय का?"

"पानी दिसलं की उपसतंय त्ये," सोजरबाई म्हणाल्या.

"मग ठीक आहे." साहेब खाली वाकले. बुडाखालून हात फिरवला. पद्माकरने डोळे मिटून घेतले.

"कोरडा आहे," साहेब म्हणाले. "आतलं बाहेर येत नाही, म्हणजे बाहेरचं आत जाणार नाही. होडी सक्षम. अशा होडीला निवृत्त करता येत नाही. इथंच पाच वर्षं मुदतवाढ."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पद्माकरने भीत भीत विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही पाणी दिसलं की उपसता. ह्या जागी तुमचा उपयोग नाही. तुम्हाला आजपासून मोकळं केलं."

संध्याकाळच्या एसटीला पद्माकर एकटाच चढला. हात सोडले होते, तरी तो ते जवळ जवळ धरूनच बसला. "वहिनी, तिला कोरडी पडू देऊ नका हो," तो खिडकीतून सोजरबाईंना पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

रत्नमाला स्टँडवर निरोपाला आली नाही. भरलेली असल्याने तिला हलता येत नव्हतं.