बंकटची चोरीची शिकवणी

"शिकवून येत नाही असं जगात काही नाही! येत नसेल तर समजावं, मास्तर कच्चा आहे!"

अर्जुनराव गुरुजी असं छातीवर हात ठेवून सांगायचे आणि पुरावा म्हणून बंकटकडे बोट दाखवायचे. बंकट चौथीत तीन वर्षं मुक्कामाला होता. सतराचा पाढा त्याच्या डोक्यात शिरेना. गुरुजींनी तो चिंचोक्यांवर शिकवला, बैलगाडीच्या आऱ्यांवर शिकवला, शेवटी भजनाच्या चालीवर बसवला. आज चाळिशी ओलांडलेला बंकट चौकात सायकलींची पंक्चर काढताना सतराचा पाढा गातो आणि "सतरा दाही सत्तर आन् शंभर!" म्हणून समेवर येतो. असा विद्यार्थी ज्यांनी घडवला, त्यांनी बढाई मारली तर कुणी काय बोलावं?

पण नियती टपून बसलेली असते. ती एका सकाळी नगराध्यक्ष अमरसिंहच्या रूपानं, पांढरा शर्ट आणि काळा गॉगल घालून गुरुजींच्या ओट्यावर आली.

पाटोद्याच्या अलीकडचं आंबेखिंड दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झालं होतं. कागदोपत्री ते आता शहर होतं. म्हशींना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. त्या पूर्वीसारख्याच कार्यालयाच्या दारात रवंथ करत बसायच्या आणि नगराध्यक्षांना वळसा घालून आत जावं लागायचं.

"गुरुजी, काम झालं समजा!" अमरसिंह म्हणाला. तोही गुरुजींचाच विद्यार्थी. "पुण्याची एक संस्था लहान शहरांना अनुदान देतीय. सुरक्षित शहर! चौकात कॅमेरे, गल्लीत दिवे, आन् त्याच्यातच तुमची अभ्यासिका!"

शेवटच्या शब्दाला गुरुजींनी चष्मा पुसला.

दसरा झाला की अर्ध्या आंबेखिंडीच्या दारांना कुलपं लागतात. माणसं टोळ्या करून ऊसतोडीला जातात. बरीच पोरंही आईबापांबरोबर जातात आणि फडात धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. जी आजी-आजोबांकडे मागे राहतात, ती संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर गोळा होतात. ओटा केवढा, पोरं केवढी! एकानं पुस्तकाचं पान उलटलं की दुसऱ्याच्या नाकाला लागतं. त्यातली दिपाली गणितात तल्लख. पण तिच्या बापानं, शहादेवनं, निघताना बजावलं होतं, "गुरुजी, म्हातारीला सांजंचं दिसत न्हाई. पोरगी अंधारात एकटी. संक्रांतीपस्तोर कायतरी सोय झाली तर ठीक, न्हाईतर मी तिला फडावर घेऊन जातो."

"मग अडचण काय?" गुरुजींनी विचारलं.

"अडचण अशी की त्यांना धोका दाखवावा लागतो. जितका धोका जास्त, तितके मार्क जास्त. मी अर्जात लिहून बसलोय, बंद घरांमुळं चोऱ्यांचा सुळसुळाट!"

"अमरसिंह! आपल्या गावात शेवटची चोरी कधी झालती?"

अमरसिंहनं बराच वेळ आठवलं. "माझ्या लग्नात बूट गेलते."

"ते तुझ्या मेहुणीनं लपवले होते, गाढवा!"

"तेच ना! आन् येत्या गुरुवारी ती माणसं गल्ली बघायला येणार. त्यांच्या डोळ्यांदेखत एक चोरी झाली की काम फत्ते. पण चोर कुठून आणावा? बाहेरचा आणला तर तो खरंच नेईल. आन् गावात कुणाला येत न्हाई." इथे अमरसिंहनं गॉगल काढला आणि हळूच म्हणाला, "शिकवावं लागंल."

झालं! गुरुजींचा उभा जन्म दुसऱ्याच्या पेन्सिलीला हात लावू नये असं शिकवण्यात गेलेला. पण ओट्यावर दिपालीची पाटी पडली होती, तिच्यावर काल अंधार पडल्यानं अर्धाच राहिलेला भागाकार होता. 'नाटकच तर आहे,' गुरुजींनी मनाला समजावलं. आणि खरं सांगायचं तर, नवा विषय शिकवायला मिळतोय म्हटल्यावर त्यांचे हात जरा शिवशिवलेच!

विद्यार्थी ठरला बंकट. सांगितलेलं ऐकतो, एवढा त्याचा एकच गुण, पण तो शंभर नंबरी. केसरबाईंना, म्हणजे गुरुजींच्या मंडळींना, मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नसे. शिवाय गावातल्या सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या त्यांच्याच स्वयंपाकघरात खुंट्यांना टांगलेल्या असत. ज्या त्या किल्लीला ज्या त्या घरच्या लुगड्याची चिंधी. ऊसतोडीला निघालेली बाई आधी किल्ली केसरबाईंना देणार आणि मग देवाच्या पाया पडणार, असा रिवाज होता.

रविवारच्या रिकाम्या वर्गात शिकवणी सुरू झाली. वर्गाचं दार म्हणजे शहादेवचं कुलूप लावलेलं नवं घर आणि कोपऱ्यातली घागर म्हणजे त्याचा पितळी हंडा.

"चल, शीर आत."

बंकटनं दारात चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि हाक मारली, "हाय का कुणी घरात?"

"अरे बाळा, चोर हाक मारत नाही."

"बरं." बंकट परत बाहेर गेला, चपला काढल्या आणि हाक न मारता खोकला.

"खोकायचंही नाही!"

"मग घरच्यांना कळायचं कसं, गुरुजी?"

गुरुजी चिडले नाहीत. गुरुजी कधीच चिडत नसत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर चोरीच्या पायऱ्या काढल्या. तोंडाला गमछा बांधणे. भिंतीवरून उडी. दगडाने कुलूप तोडणे. हंडा उचलणे. पळणे. कुणाशी एक शब्द न बोलणे. मग चालही लावली. तिसऱ्या दिवशी बंकट चोरी गुणगुणायला लागला तेव्हा गुरुजींचे डोळे पाणावले. "शिकवून येत नाही असं काही नाही!" ते स्वतःशीच म्हणाले.

गुरुवार उजाडला. गुरुजी निंबाच्या झाडामागं उभे राहिले. बंकट तोंडाला गमछा बांधून गल्लीत शिरला. समोरच जुन्या घराच्या दारात शहादेवची आई रुक्मिणीबाई तांदूळ निवडत बसलेली; ती आणि दिपाली तिथंच राहायच्या.

"का रं बंकट, दाढ दुखतीय का? गाल बांधलाय म्हून इचारते."

एक शब्द न बोलणे! बंकट गप्प.

"आगाई! बोलवंना बी व्हय? दिपे, लवंग आण गं!"

गमछा वर करून म्हातारीनं बंकटच्या दाढेत लवंग कोंबली. चोर पाच मिनिटं डोळे मिटून ओट्यावर बसला. झाडामागं गुरुजींनी कपाळावर हात मारला.

मग बंकट उठला. उडी मारायची भिंत होती गुडघ्याएवढी, ती त्यानं ओलांडली. दगड घेतला आणि कुलपावर घातला. ठण्ण!

"आरं ए, कुलूप कावून बडवतोस?" केसरबाई पलीकडच्या आपल्या घरातून ओरडल्या. "किल्ली हाय की माझ्याकडं!"

आणि हिरव्या चिंधीची किल्ली घेऊन त्या स्वतः आल्या, दार उघडलं, वरची जळमटं पदरानं झटकली आणि म्हणाल्या, "शहादेवनं काय आणायला सांगितलंय?"

बंकट गप्प. त्यानं हंड्याला हात घातला.

"हंडा व्हय! मंग पाण्याची वढाताण असंल तिकडं. एकटा कावून उचलतोस, कंबर जाईल!" त्यांनी गल्लीत हाक दिली. "आरं या रं कुणी! बंकट फडावर चाललाय, शहादेवचं सामान न्यायलाय!"

आता ऐका! फडावर कुणी चाललंय म्हटल्यावर आंबेखिंडीत काय होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. दारादारातून बायका धावल्या. कुणी शेंगदाण्याची चटणी आणली, कुणी ज्वारीचं पीठ, कुणी लेकाचा स्वेटर. "हे आमच्या भारतला दे हां, हे दुसऱ्या कुणाला दिऊ नको!" एकीनं तर करडू आणून दोरी बंकटच्या हातात दिली. टेम्पोवाल्या अंगदनं गर्दी पाहिली, भाडं आपलंच असं धरून चालला आणि टेम्पो मागे मागे घेत गल्लीत घातला. बघता बघता चोरीचा माल टेम्पोत मावेना! मधोमध बंकट, एका हातात हंडा, दुसऱ्या हातात करडू, दाढेत लवंग, आणि डोळ्यांत 'पळणे कधी?' असा केविलवाणा प्रश्न.

नेमकी तेव्हाच वळणावर पुण्याची माणसं आली. संस्थेच्या संस्कृती मॅडम अमरसिंहबरोबर बोलत मागून येत होत्या. त्यांच्याबरोबरचे साहेब मात्र धुळीमुळं तोंडाला रुमाल बांधून पुढं आले होते आणि एका बंद घराच्या खिडकीत वाकून मोबाईलवर फोटो काढत होते. अमरसिंहला गल्लीत काय चाललंय ते दिसलंच नाही. ठरल्याप्रमाणे त्यानं बोंब ठोकली, "चोर! चोर! धरा!"

सगळी गल्ली गर्रकन वळली. "कुठंय? कुठंय?" आणि सगळ्यांच्या पुढं कोण? बंकट! करडासकट धावला! गल्लीत अनोळखी माणूस एकच, तोंड बांधलेला, खिडकीत डोकावणारा. अंगदनं साहेबांना कवेतच घेतलं.

"सापडला! पाहुणं, हालायचं न्हाई!"

"अहो, मी समितीचा सदस्य आहे!"

"असाल की! चोरायची बी कायतरी समिती असंलच!"

"धरा, पण आधी पाणी द्या त्यास्नी," केसरबाई म्हणाल्या. "उन्हाचे आलेत. चोर झाला म्हून काय झालं?"

साहेबांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं, चहाही आला. दोन्ही बाजूंना दोघं पहारेकरी आणि बशी धरायला तिसरा. चोराचा प्रश्न मिटला म्हणून बायका पुन्हा टेम्पोकडं वळल्या.

तेवढ्यात रुक्मिणीबाई दिपालीचा हात धरून आली. पोरीच्या पाठीला दप्तर, काखेत कपड्यांचं बोचकं.

"बंकट, हिला बी ने बाबा. शहादेवनं हंडा मागवला म्हंजी तिकडंच ऱ्हायचं दिसतंय. मला सांजंचं दिसत न्हाई, पोरगी कुणाच्या भरवशावर ठिवू?"

दिपाली रडत नव्हती. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि तिला निंबामागं गुरुजींचं धोतर दिसलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "माझा भागाकार ऱ्हायलाय. तिकडं कोण बघंल?"

जिला ठेवून घ्यायला हा सगळा खटाटोप, तीच त्यांच्या नाटकाच्या टेम्पोत चढत होती! गुरुजी झाडामागून बाहेर आले आणि वर्गात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला.

"थांबा! कुणी कुठं जायचं नाही! शहादेवनं काही मागवलं नाही! चोर बंकट आहे, आणि त्याचा मास्तर मी!"

सगळ्यांत आधी करडू ओरडलं.

"आवं, ऊन लागलं का तुमाला?" केसरबाईंनी विचारलं.

गुरुजींनी सगळं सांगितलं. फळ्यावरच्या पायऱ्यांपासून चालीपर्यंत. अमरसिंहनं गॉगल लावला, त्यामागं तोंड लपेल या आशेनं.

संस्कृती मॅडम केसरबाईंकडे वळल्या. "म्हणजे चोर कुलूप फोडत होता आणि तुम्ही त्याला किल्ली आणून दिलीत?"

"मंग काय तर! कुलूप फुटलं असतं तर शहादेवला नवं घ्यावं लागलं असतं की!"

मॅडम हसायला लागल्या त्या टेम्पोच्या फळीवर बसल्याच. साहेबांनी बशीतून मान वर केली. "ही गल्ली सुरक्षित आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मला तर सोडायलाच तयार नाहीत."

"खोटं बोललो, त्याची शिक्षा आम्हाला द्या," गुरुजी म्हणाले. "कॅमेरे देऊ नका, काही देऊ नका. पण अर्जाच्या शेवटच्या पानावर एक अभ्यासिका आहे, तेवढी खरी आहे. ती या पोरांची आहे."

मॅडमनी दिपालीला जवळ बसवलं, आपल्या फाईलचा कोरा कागद दिला. तिनं तिथंच टेम्पोच्या फळीवर भागाकार पुरा केला, ताळा करून दाखवला आणि वर मॅडमना विचारलं, "तुमाला कळला का? न्हाईतर परत सांगते." थेट गुरुजींची लकब!

महिन्याभरानं कळलं. कॅमेरे नामंजूर, अभ्यासिका मंजूर, आणि पोरांना घरी जाण्यापुरते गल्लीत दिवे. चौकात अमरसिंहनं भला मोठा बॅनर लावला, 'नगराध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून', आणि म्हशी आता त्याच्या सावलीत बसतात.

तुम्ही म्हणाल, त्या टेम्पोचं काय झालं? बांधलेलं सामान परत घ्यायला एकही बाई तयार होईना. "लेकरांच्या नावानं बांधलंय, आता कसं सोडायचं?" शेवटी गुरुजींनी पदरचं डिझेल घालून अंगद आणि बंकटला त्याच रात्री थेट कोल्हापूरकडच्या फडावर धाडलं. चोरीचा माल असा घरपोच गेला! तिथून बंकट गुळाच्या ढेपी आणि निरोप घेऊन परतला. पुढे अभ्यासिकेची बातमी कळताच शहादेवचा फोन आला, "पोरगी ऱ्हाऊ द्या तिकडंच."

फडावरून आला त्या संध्याकाळी बंकट ओट्यावर येऊन अंग चोरून बसला होता.

"गुरुजी, तुमची शिकवणी वाया न्हाई गेली. येताना एक गुळाचा खडा चोरला मी!"

गुरुजींचा चेहरा उजळला. काही झालं तरी मास्तरच! "शाब्बास! कुणाला कळलं तर नाही ना?"

"छ्या! ज्याचा होता त्याला इचारूनच चोरला."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दिपालीची पाटी सरकवून थोडी जागा करत ते म्हणाले, "बस इथं. पहिल्यापासून सुरू करू."