भिंगरीवाले गायकवाड काका

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीत मधुकर गायकवाड यांच्यावर अन्याय झाला. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण ती गायकवाड काकांनीच टिपून ठेवली. अन्याय सोसायटीच्या सेक्रेटरींनी केला. तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर बसून फाटकाबाहेर गेला.

हातगाडीवर होती ती ‘भिंगरी’. तुम्ही नाव ऐकलेलं नसणार, त्यात तुमची चूक नाही. घरोघर रंगीत टीव्ही येऊ लागले होते त्या काळात हडपसरच्या एका छोट्या कंपनीनं टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र बनवलं. पुण्यात बनलेलं, पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारं. मुलांच्या मासिकात जाहिरातही आली, ‘लवकरच येत आहे’. मग कंपनीलाच कुलूप लागलं. एकही भिंगरी दुकानात पोचली नाही. काका त्या कंपनीच्या तपासणी विभागात होते. म्हणजे तपासणी विभाग ते एकटेच होते.

भिंगरी ‘बंद पडली’ असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. बंद पडायला आधी सुरू व्हावं लागतं, असं ऐकून घ्यावं लागतं. फोन उचलला की “जयभीम, गायकवाड बोलतोय, मुद्द्याचं बोला.” मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले ती टेकडीवरचा नियोजित रस्ता थांबवण्याच्या निवेदनावर सही मागायला. त्यांनी निवेदन उभ्याउभ्या वाचलं, लाल पेनानं दोन ‘त्वरित’ खोडले, तिसरा ठेवला.

“एकदाच लिही,” म्हणाले. “तीनदा लिहिलं की त्यांना वाटतं, यांना घाई नाही, सवय आहे.”

मग सही केली. तेव्हापासून माझं एकही पत्रक त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय छापखान्यात गेलेलं नाही.

दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्याकडे भिंगरीची मंडळी जमतात. नचिकेत खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला रद्दीतल्या मासिकात ती जाहिरात सापडली आणि विचारत विचारत तो इथवर आला. लेलेबाई कोथरूडला गणिताचे क्लास घेतात. तीच जाहिरात पाहून त्यांनी लहानपणी वडिलांकडे हट्ट धरला होता, आणि वडील अखेरपर्यंत “येणार आहे गं” म्हणत राहिले. शिवाय आणखी चार-पाच जण. ही सगळी माणसं तिथे भिंगरी खेळतात. यंत्र काही सुरू होत नाही. काका डोळे मिटून खुर्चीत बसतात आणि काकाच यंत्र होतात.

“उजवीकडे,” नचिकेत म्हणतो.

“भिंत आहे.”

“मग उडी.”

“मारलीस. डोकं आपटलं. एक जीव गेला.” आणि काका तोंडानं ‘टुंग’ असा आवाज काढतात. तो ऐकून चाळिशीतला माणूस खरोखर हळहळतो.

खेळ एका किल्ल्याचा आहे. एकेका खोलीचं दार शोधायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. मूळ भिंगरीत खेळ जपून ठेवायची सोय नव्हती, म्हणून दर रविवारी पहिल्या खोलीपासून सुरुवात. आणि सोसायटीची लाइट गेली की खेळ बंद. टीव्ही बंद झाला तर यंत्र कसं चालेल? एकदा लेलेबाई बाविसाव्या खोलीत पोचल्या होत्या, आजवर कुणी पोचलं नव्हतं तिथे, आणि पंखा थांबला. बाई म्हणाल्या, अहो, तुम्ही काय विजेवर बोलता का? काका म्हणाले, नियम म्हणजे नियम. पंखा फिरेपर्यंत सगळे पोहे खात गप्प बसले आणि मग पुन्हा पहिली खोली.

उरलेली एकमेव खरी भिंगरी सोसायटीच्या मीटर रूममध्ये होती, कारण तिथे ओल येत नाही. कंपनीला स्वतःचा साचा परवडला नव्हता, म्हणून यंत्र टीव्हीच्या स्टॅबिलायझरच्या डब्यात बसवलेलं. घोटाळा होऊ नये म्हणून काकांनी वर चिठ्ठी चिकटवली होती, ‘हा स्टॅबिलायझर नाही.’

मी सेक्रेटरींना जाब विचारायला गेले तेव्हा त्यांनी हीच चिठ्ठी पुरावा म्हणून सांगितली. “तुम्ही तुमच्या फ्रिजवर ‘हे कपाट नाही’ असं लिहिता का? ज्यावर ‘नाही’ लिहायची वेळ येते, तो स्टॅबिलायझर असतोच.” रंगकाम निघालंय, बेवारस सामान हलवण्याची नोटीस लावली होती, वगैरे.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दारावर कागद लागला, ‘रविवार बंद.’ बेल वाजवली तर आतूनच म्हणाले, आता कशाला जमायचं, जमण्यासारखं काही राहिलं नाही. दोन रविवार गेले. लेलेबाई दुसऱ्या रविवारी तरीही आल्या, दारावरचा कागद वाचून पोह्यांचा डबा माझ्याकडे ठेवून गेल्या. यंत्र गेलं याचा मला राग होताच. पण या माणसाची आठवड्यातली एकच सकाळ गेली होती, आणि ती कुठल्याही नोटिशीत लिहिलेली नव्हती.

म्हणून नचिकेतला बरोबर घेऊन मी भंगारच्या गोदामात गेले. स्टॅबिलायझरमध्ये तांबं असतं, त्या आशेनं डबा फोडलेला होता. तांबं निघालं नाही म्हणून कोपऱ्यात फेकलेला. आतल्या सर्किटचे दोन तुकडे झाले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तपासणीचा एक पिवळा कागद शाबूत होता. अक्षर काकांचं. ‘खोल्या चार. चौथीचं दार उघडतं. पुढे काही नाही.’

मी तो कागद तीनदा वाचला. चार. आणि आम्ही बाविसाव्या खोलीत डोकं आपटत होतो.

नचिकेतला काहीच वाटलं नाही. “अगं, त्या चिपमध्ये चारच मावतात. लेलेबाईंनी पहिल्याच महिन्यात पाठकोऱ्या कागदावर गणित मांडून दाखवलं होतं.”

मग बोलला का नाहीत, असं मी चिडून विचारलं. तो म्हणाला, “पाचवी खोली सगळ्यात भारी आहे म्हणून.”

मला असलं सामोपचारानं घेणं जमत नाही. मी सगळे तुकडे पिशवीत भरून थेट काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, तुकडे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. कागद पाहून थांबले.

“वाचलंस?”

“हो. काका, इतकी वर्षं तुम्ही लोकांना खोटं सांगितलंत.”

ते वर्तमानपत्रासमोर खाली बसले. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले.

“कंपनीला कुलूप लागलं त्या दिवशी घरी आलो. ही भाकरी थापत होती. म्हटलं, संपलं. तर म्हणते, ते राहू द्या, चौथ्या दाराच्या पलीकडे काय आहे ते सांगा. म्हटलं, काही नाही. म्हणते, दार आहे आणि पलीकडे काही नाही, असं कसं असेल?” सर्किटचा तुकडा त्यांनी सरळ केला. “जेवताना पाचवी सांगितली. मग विचारतच राहिली. ही गेली तेव्हा आम्ही अडुसष्टावीत होतो.”

विमलकाकूंना जाऊन चार वर्षं झाली. मी त्यांना फक्त जिन्यात पाहिलेलं.

“मग हा नचिकेत आला,” काका म्हणाले. “पहिलीपासून विचारायला लागला. यंत्र खाली होतं तोवर मला म्हणता येत होतं की मी आठवतोय.”

मी सांगितलं, की सगळ्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.

“आणि तरी येतात?”

“लेलेबाई दोन बस बदलून येतात.”

ते उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू केला, बंद केला, परत आले. मी म्हटलं, मला हे लिहायचंय.

“लिही. चारच होत्या असंही लिही, लपवाछपवी नको. पण पुढच्या खोट्या आहेत असं लिहू नकोस. एकेक तपासलेली आहे.”

तर मी लिहिलं. सेक्रेटरींची लेखी माफी मी घेईनच, ते माझं काम. तुमच्याकडे मागणी वेगळी आहे. आम्ही बाविसाव्या खोलीपर्यंत पोचलोय. पुढे शेहेचाळीस आहेत, आणि त्या वाटेवर आता काकांना एकटं सोडायचं नाही. रविवार पुन्हा सुरू झालाय. सकाळी दहाला या, चपला बाहेर काढा, जागा मिळेल तिथे बसा. आणि नुसते ऐकत बसू नका. पुढे काय आहे, ते त्यांना विचारा.