बिळातलं बीळ आणि विसराळू जावई

एका जंगलात एक होता कुरतडराव उंदीर, एक होती त्याची बायको उकरीबाई, आणि एक होती त्यांची लेक नाजुका. नाजुकाचं लग्न जमत नव्हतं. मुलगी गुणाची, दात मोत्यासारखे, शेपूट कमरेखाली रुळणारं. मग अडलं कुठे? तर पत्त्यात अडलं.

आता पत्त्यात कसं अडलं, ते ऐका. आणि तो मागचा चुळबुळ्या, नीट मांडी घालून बस रे.

या उंदरांच्यात एक रीत होती. मुलगा कर्ता झाला की वेगळं दार पाडायचं नाही. बापाच्या खोलीची मागची भिंत उकरायची आणि तिथे आपली खोली करायची. त्याच्या मुलाने त्याच्या मागची भिंत उकरायची. असं बिळात बीळ, बिळात बीळ. तेव्हाचे उंदीर काही मरत नसत, नुसते म्हातारे होत. त्यामुळे सगळे पूर्वज आपापल्या खोलीत शाबूत. बीळ आपलं थोरल्या वडाच्या खाली गोल गोल फिरत चाललं होतं, आणि पार टोकाला बसला होता कुरतडराव.

जंगलाच्या राजाचा कायदा असा, की पाहुण्याने वडाखाली उभं राहून पूर्ण पत्ता एका दमात म्हणायचा. मोजायला डरावजी बेडूक बसलेला. तो गळा फुगवून धरायचा. गळा फुगलेला आहे तोवर म्हणा काय म्हणायचं ते. फुस्स झालं की पत्ता संपला. जेवढा म्हणून झाला तेवढाच खरा. मग दोन मुंगळे पाहुण्याला धरून तिथवर नेऊन सोडत आणि माघारी येत.

नाजुकाचा पत्ता कसा होता, म्हणून दाखवू?

“थोरल्या वडाचं मूळ, त्यात श्रीमंत बिळाजीरावांचं बीळ, त्यात श्रीमंत पोखराजीरावांचं बीळ, त्यात श्रीमंत उकराजीरावांचं बीळ, त्यात श्रीमंत…”

बघा, मलाच धाप लागली. आणि ‘श्रीमंत’ गाळायची सोय नाही. नुसतं बिळाजी म्हटलं तर म्हातारा रुसायचा आणि चार दिवस शेपूट तोंडात धरून बसायचा.

पहिलं स्थळ आलं ते पलीकडच्या वारुळाकाठचं. मुलगा शिकलेला. सगळा पत्ता तोंडपाठ करून आला होता. सोबत गुळाची ढेप. वडाखाली उभा राहिला, डोळे मिटले, आणि सुरू झाला. उकराजीरावांपर्यंत आला न आला, डरावजीचा गळा फुस्स.

“अहो, अजून आहे पुढे!” मुलगा म्हणाला.

“असेल. आमच्याकडे एवढंच मावतं,” डरावजी म्हणाला.

मुंगळ्यांनी नेऊन सोडलं उकराजीरावांच्या खोलीत. तिथे एक बोळका म्हातारा.

“मुलगी बघायला आलोय,” मुलगा म्हणाला.

“या, या. आधी ती ढेप इकडे द्या,” उकराजीराव म्हणाले.

ढेप संपेपर्यंत म्हातारा आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगत बसला. मुलगी काही आली नाही. मुलगा मनात म्हणाला, पत्ता तर मी पाठ केलाय, कायद्याने म्हणून झाला तेवढाच खरा, मी चुकणं शक्य नाही, म्हणजे स्थळच खोटं! आणि फणकाऱ्याने निघून गेला. उकराजीरावांनी ढेकर दिली आणि ते आडवे झाले.

असं प्रत्येक स्थळाचं झालं. कोणी पोखराजीरावांपाशी अडकला, कोणी जरा पुढे. शेंगदाणे, खोबरं, चिवडा, जे येईल ते म्हाताऱ्यांच्या पोटात. एकाने तर नाजुकासाठी फुलांची माळ आणली होती. ती बिळाजीरावांनी स्वतःच्या गळ्यात घातली आणि आठ दिवस काढली नाही.

इकडे उकरीबाई रोज खोली झाडायची, दारात रांगोळी काढायची, आणि वाट बघायची.

“तुमच्या खानदानाला एक दार पाडता येत नाही का हो वर?” ती म्हणायची.

“आमच्यात नाही पाडत,” कुरतडराव म्हणायचा.

“मग लेक काय लोणचं घालून ठेवू?”

“मी राजाकडे जातो,” कुरतडराव म्हणाला. आणि गेला.

दरबार भरला होता. कुरतडराव हात जोडून म्हणाला, “महाराज, लेक घोड्याएवढी झाली.”

घोडा चमकून उठला. “माझ्याएवढी? कुठाय?”

“तुम्ही बसा हो,” प्रधान कोल्हा म्हणाला. “बोलायची पद्धत असते ती.”

मग सगळं ऐकून घेतल्यावर सशाने हळूच विचारलं, “वरून एक दार पाडलं तर?”

“आमच्यात नाही पाडत,” कुरतडराव म्हणाला. म्हातारेही आले होते, तेही एका सुरात म्हणाले, “आमच्यात नाही पाडत.” पोटं सुटली होती त्यांची. ते कशाला पाडू देतील?

कोल्ह्याने खूप विचार केला. विचार करताना तो डोळे मिटतो, त्यामुळे झोपलाय की काय ते कळत नाही. शेवटी म्हणाला, “दोष बेडकाच्या गळ्याचा आहे. गळा लहान पडतो. डरावजीच्या जागी म्हशीला बसवा. तिचा दम मोठा.”

वा वा झालं. म्हैस बसली. डरावजी तिच्या पाठीवर बसला, कारण त्याचं काय करायचं ते कोणी ठरवलंच नव्हतं.

आता झालं ना सगळं नीट? छे! म्हाताऱ्यांना कळलं, की आता पत्त्यात जागा झाली. जागा रिकामी कशाला ठेवायची? दुसऱ्या दिवसापासून बिळाजीराव झाले ‘अखिल वटवृक्षमूलभूषण श्रीमंत बिळाजीराव’. ते बघून पोखराजीरावांनी आपल्या नावामागे त्याहून लांब शेपूट लावलं. मग उकराजीराव कसे मागे राहतील? म्हशीचा दम बिचारीचा पोखराजीरावांपाशीच संपायला लागला. आधी एखादा पाहुणा तरी उकराजीरावांपर्यंत यायचा!

नाजुका म्हणाली, “आई, मी नाही लग्न करत. मी इथेच बसते.”

उकरीबाईने रांगोळी काढायचं सोडलं. आता कुरतडरावाला खरंच कळेना, की लेकीचं काय करावं.

आणि मग आला झिपरू.

हा झिपरू नदीकाठच्या उसाच्या मळ्यातला उंदीर. मनाने सोनं, पण विसराळू. एवढा विसराळू, की शिंकायला तोंड वर करायचा आणि विसरून जायचा. त्याच्या आईने त्याला सगळा पत्ता घोकवला होता. हातात साखरेची पुडी दिली होती. पुडी तो घरातच विसरला. पत्ता वाटेत विसरला. वडाखाली पोचला तेव्हा त्याला एवढंच आठवत होतं, की बिळाजीराव असं काहीतरी.

“म्हणा पत्ता,” डरावजी म्हशीच्या पाठीवरून म्हणाला. म्हशीने दम घेतला.

“बिळाजीराव,” झिपरू म्हणाला.

म्हैस वाट बघत राहिली. झिपरू पण वाट बघत राहिला.

“एवढंच?”

“एवढंच आठवतंय.”

एवढा आटोपशीर पत्ता म्हशीने आजवर ऐकला नव्हता. तिने सुस्कारा सोडला, आणि त्या वाऱ्यानेच झिपरू दारापर्यंत गेला. मुंगळ्यांचं काम वाचलं.

आत अखिल वटवृक्षमूलभूषण बसले होते. नुसतं ‘बिळाजीराव’ ऐकून रुसायचं राहिलं बाजूला, त्यांनी आधी त्याच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे.

“खायला काय आणलंस?”

“आणलं होतं बहुतेक. आजोबा, मला लग्नाला जायचंय. कोणाच्या, ते आठवत नाही.”

“मग इथे काय करतोस? मागच्या भिंतीत पोखराजी आहे, त्याला विचार. पुढे जा, पुढे!” ज्या पाहुण्याकडे खायला नाही, त्याला वाट दाखवायला म्हाताऱ्यांना कधीच वेळ लागत नाही.

झिपरू पोखराजीकडे गेला. तिथे पोचेपर्यंत बिळाजीराव विसरला.

“आजोबा, पुढे कोण राहतं?”

“काय आणलंस?”

“काही नाही.”

“पुढे जा! उकराजीला विचार!”

असा तो एकेका खोलीत गेला. पुढच्या दाराचं नाव तेवढं विचारायचा, तेवढंच डोक्यात ठेवायचा, मागचं सांडून टाकायचा. एवढ्याशा डोक्यात एक नाव आरामात मावतं. धाप नाही, घाम नाही. आणि एकदम समोर झाडलेली खोली, दारात उकरीबाई.

“कोण रे तू?” कुरतडरावाने विचारलं.

“झिपरू.” हे नाव मात्र त्याला पाठ होतं.

“कुठून आलास?”

“ते विसरलो.”

“शिक्षण?”

“झालं होतं. विसरलो.”

“कशाला आलास, ते तरी?”

झिपरूने नाजुकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “हिच्यासाठीच असणार. दुसरं काही असेल असं वाटत नाही.”

नाजुका लाजून आईच्या मागे लपली, आणि शेपूट बाहेरच राहिलं.

“पोरगा चांगला आहे,” उकरीबाई म्हणाली. “भांडण झालं तर संध्याकाळपर्यंत आठवणारसुद्धा नाही.”

लग्न लागलं. वऱ्हाड नव्हतंच, त्यामुळे मानपानही नव्हता. दुसऱ्या दिवशी पाठवणीची वेळ आली. नाजुका नटून उभी. झिपरू दारात गेला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि परत येऊन बसला. आलो कुठून तेच आठवत नाही, तर न्यायचं कुठे? झाला घरजावई. उकरीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वेगळं पाणी. लेक डोळ्यांसमोर राहिली ना!

मग कुरतडराव म्हणाला, “जावईबापू, रीतीप्रमाणे मागच्या भिंतीत खोली उकरा.”

“उकरतो,” झिपरू म्हणाला. आणि कोणती भिंत ते विसरला. त्याने आपलं सुचेल तिकडे, म्हणजे सरळ वर उकरलं. उकरता उकरता उजेड आला. डोकं बाहेर काढतो तो काय, समोर म्हशीचं नाक! बीळ गोल फिरत फिरत वडाच्या दारापाशीच येऊन टेकलं होतं. इतके दिवस वरची चार बोटं माती तेवढी मधे होती.

“दार पाडलं! दार पाडलं!” म्हातारे ओरडत आले. “कोणी पाडलं?”

“कोणी?” झिपरूने विचारलं. अगदी मनापासून विचारलं. ज्याला आपला गुन्हाच आठवत नाही, त्याला शिक्षा कोण करणार? म्हाताऱ्यांनी त्याला दरबारात नेलं, तर राजाने कोल्ह्याकडे बघितलं. कोल्ह्याने डोळे मिटले.

तेव्हापासून नाजुकाचा पत्ता झाला, ‘वडाचं मूळ, नाजुका’. पाव दमात होतो. वाणाचे तीळ, सणाची पुरणपोळी, पाहुण्यांचा खाऊ, सगळं थेट तिच्या दारात यायला लागलं. पलीकडच्या टोकाचे श्रीमंत बारीक झाले आणि एका वाटीसाठी बिळातून चालत चालत तिच्याकडे यायला लागले. नाजुका वाढायची. उकरीबाई पुन्हा रांगोळी काढायला लागली. आणि वर्ष फिरायच्या आत झिपरू-नाजुकाला सात पिल्लं झाली, सातही गोंडस, आणि सातांची नावं बापाच्या लक्षात राहिली.

तात्पर्य : जावई हुशार बघावा, पत्ता पाठ असावा, आणि रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये, असं थोर लोक सांगतात. ऐकावं, मान डोलवावी, आणि झिपरूसारखं वाटेत विसरून जावं.