चार नंबरच्या खिडकीवर बसवलेला नाच

माझ्यावर एक अख्खा नाच बसवलेला आहे. चांगला चाळीस मिनिटांचा. कुणावर लेख येतो, कुणाचा फोटो भिंतीवर लागतो, पण नाच? तुमच्या ओळखीत असा दुसरा कुणी असेल तर मला जरूर कळवा. निदान तो नाच बघेपर्यंत तरी मी असंच बोलत होतो आणि दुर्दैवाने बऱ्याच लोकांशी बोललो होतो.

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात चार नंबरच्या खिडकीवर बसतो. एकोणीस वर्षं झाली. एक नंबरला अर्ज मिळतो, दोनला तपासतात, तीनला शिक्का बसतो आणि माझ्या खिडकीवर दाखला मिळतो. म्हणजे मिळायला हवा.

आमच्या कार्यालयामागच्या जुन्या गोदामात आधुनिक नृत्याची एक संस्था आहे. ना नफा ना तोटा तत्त्वावर चालते. शेजारच्या खिडकीवरचा आमचा पाच नंबर म्हणतो, "म्हणजे आपल्यासारखीच. फक्त तिथे माणसं हलतात."

ही संस्था दरवर्षी कामाची एक जागा निवडते. तिथली माणसं कशी उठतात, बसतात, वाकतात ते बघते, त्यावर नाच बसवते आणि तो तिथल्याच काही लोकांना घेऊन करते. मागच्या वर्षी त्यांनी कपडे धुण्याचा कारखाना घेतला होता. तिथल्या बायका दिवसभर बुटक्या टेबलांवर वाकून इस्त्री करायच्या. मालकाने नाच बघितला आणि आठवड्याभरात टेबलं वीतभर उंच करून घेतली. दहा वर्षं ज्याला तक्रार ऐकू आली नव्हती, त्याला ती चाळीस मिनिटांत दिसली. शिवाय दर गुरुवारी सकाळी तिथे म्हाताऱ्या माणसांचा वर्ग असतो. माझे सासरे जातात. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, तो आता जातो. ते माळ्यावरची पेटी स्वतः खाली काढतात, सगळ्यांना दाखवतात आणि परत वर ठेवतात.

तर या वर्षी त्यांनी आमचं कार्यालय निवडलं. नाच बसवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केस कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट. साहेबांनी त्यांना कोपऱ्यात एक स्टूल दिलं. पहिले दोन दिवस त्यांनी सगळ्यांना बघितलं. तिसऱ्या दिवसापासून फक्त मला.

माणसाला असं कळतंच. मी ताठ बसायला लागलो. इस्त्रीचे शर्ट घालायला लागलो. ही म्हणाली, "अहो, रोज कुठे निघालाय एवढे नटून?"

"कार्यालयात."

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच निघालाय मग."

एका दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. "तुमचा तो हात," त्या म्हणाल्या, "मनगटातून असा वळतो. कुठे शिकलात?"

"कुठला हात?"

"समोरच्या माणसाला पाठवून देताना वळतो तो."

"तो उपजत आहे," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. "आणि मान वर न करता बोलता, ते?"

"एकाग्रता."

तेही त्यांनी लिहून घेतलं. मी त्या दिवशी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

मग मी लोकांना सांगत सुटलो. हिला सांगितलं, मेहुणीला सांगितलं. साडूला तर मुद्दाम फोन करून सांगितलं, कारण साडूच्या घरच्या समारंभात मी वीस वर्षं टाळ्या वाजवत आलोय. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "कार्यालयाचा गौरव आहे, आपण सगळे जाऊ." इमारतीतल्या लोकांना सांगितलं. एकूण एकेचाळीस माणसं झाली. मी संस्थेत फोन करून पुढच्या दोन रांगा मागितल्या.

"एवढ्या जागा कशाला?" पलीकडून विचारलं.

"नाच माझ्यावर आहे."

"हो का? मग घ्या हव्या तेवढ्या."

आणि शेवटी, हे सांगताना आजही माझे कान तापतात, मी म्हणालो, "मी हजर आहे हे कार्यक्रमानंतर जाहीर केलंत तरी चालेल."

सासऱ्यांनी मला सावध करायचा प्रयत्न केला, हे कबूल केलं पाहिजे. गुरुवारच्या वर्गाला जाता-येता त्यांनी तालीम बघितली होती. शनिवारी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही जरा मागे बसा हो."

"मागून काय दिसणार?"

"तेच म्हणतोय मी."

मला वाटलं, म्हाताऱ्याला मला विनय शिकवायचाय.

रविवारी संध्याकाळी पाचला गोदाम गच्च भरलं होतं. मधोमध एक लाकडी चौकट उभी केलेली. तिच्यामागे एक काटकुळा नर्तक येऊन बसला. पोटाला उशी बांधलेली, कानावर पेन.

ही कुजबुजली, "अहो, ते पोट..."

"लांबच्या लोकांना दिसावं म्हणून मोठं करतात," मी म्हणालो.

मग ढोलकीच्या एकेका ठोक्याला एकेक पाऊल टाकत माणसांची रांग आत आली. हे नर्तक नव्हते, तुमच्याआमच्यासारखी माणसं होती. एक पहारेकरी, कडेवर बाळ घेतलेली एक बाई, हाताला प्लॅस्टर घातलेला एक गृहस्थ, कापडी पिशवी घेतलेल्या साठी उलटलेल्या एक बाई. रांग चौकटीपाशी पोचली. नर्तकाने मान खाली ठेवूनच हात उचलला. हात मनगटातून वळला आणि पंख्यापुढे कागद उडावेत तशी सगळी रांग उडून पार भिंतीला जाऊन लागली.

गोदाम हसलं. मीही हसलो, कारण सगळे हसत होते.

रांग परत आली. हात वळला. रांग उडाली. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, हा तर चार नंबर." मग ते वाक्य रांगेरांगेतून वणव्यासारखं पुढे आलं आणि माझ्या मानेपाशी येऊन थांबलं.

त्यानंतर चष्मा पुसण्याचा नाच झाला. एकाच चष्म्याचा, चार मिनिटं. मग पेन शोधण्याचा नाच झाला, ज्यात सहा नर्तक सबंध गोदामभर पेन शोधतात आणि ते कानावर असतं. साडूने तोंडात रुमाल कोंबला होता. साहेब सुरुवातीला मोकळेपणाने हसत होते. पण मग मागून एक भलीमोठी खुर्ची आली, तिच्यावर एक जण झोपलेला होता आणि झोपेतच सह्या करत होता. साहेबांचं हसणं मध्येच अडकलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू ही खुर्ची मीच घरून आणलीय.

इथवर ठीक होतं. माणूस हशाने मरत नाही.

पुढे ढोलकी थांबली. त्या पिशवीवाल्या बाई एकट्याच निघाल्या. सबंध गोदामाची लांबी चालून चौकटीपाशी आल्या. हात वळला. त्या परत गेल्या. पुन्हा आल्या. हात. पुन्हा गेल्या. दर खेपेला त्या जरा जरा लहान होत गेल्यासारख्या वाटायच्या. खांदे आत, पाऊल आखूड. सहाव्या खेपेला तर हात वळायचीही वाट न बघता त्या आपणहून मागे फिरल्या. सातव्या खेपेला गोदामात एकही माणूस हसत नव्हता.

"ही खरीच कुणी आहे का हो?" हिने विचारलं.

"छे, कलाकार आहे."

मागच्या रांगेतली एक बाई पुढे वाकली. "कलाकार कसल्या? माझ्या शेजारी राहतात. शिवणकाम करतात. नवरा जाऊन आठ महिने झाले, अजून दाखला हातात नाही. दाखल्याशिवाय घर नावावर होत नाही त्यांचं."

मी त्या बाईंचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. मग माझी नजर त्यांच्या पिशवीवर गेली. तुटलेल्या बंदाच्या जागी एक मोठं निळं बटण शिवलेलं होतं. ते बटण मी तत्काळ ओळखलं. मान वर न करणाऱ्या माणसाला खिडकीतून तेवढंच दिसतं.

मला उठून जायचं होतं. पण पुढची रांग मी स्वतः मागून घेतली होती आणि दोन्ही बाजूंना माझीच एकेचाळीस माणसं होती.

नाच संपला. टाळ्या खूप वेळ चालल्या. नाच बसवणाऱ्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ज्यांच्यामुळे हे घडलं ते आज इथे आहेत." दिवा माझ्यावर आला. अर्ज मीच केला होता, तो मंजूर झाला होता.

मी उठलो. चौकटीपर्यंत गेलो. चौकटीशेजारी त्या पिशवीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि अगदी साध्या कुतूहलाने म्हणाल्या, "असे दिसता होय तुम्ही? खिडकीतून नुसतं टक्कल दिसायचं."

गोदाम हसून कोसळलं. मला माफी मागायची होती, खरंच. पण हशा आणि टाळ्या थांबेनात, म्हणून "असू दे, असू दे, टाळ्या पुरे" अशा अर्थाने मी हात वर केला. आणि तो मनगटातून वळला.

महिनाभर तालीम केलेली ती माणसं. त्यांनी तो हात बघितला आणि पहारेकरी, बाळवाली बाई, प्लॅस्टरवाले, सगळे शिस्तीत उडून भिंतीला जाऊन लागले. पिशवीवाल्या बाईसुद्धा. मधोमध मी एकटा, हात वर.

घरी जाताना ही रस्ताभर दहा पावलं पुढे चालत होती. साडू मात्र माझ्याबरोबर होता. "तुमच्या मानाने आमचे समारंभ म्हणजे काहीच नाहीत," तो म्हणाला. घरात शिरल्यावर चपला काढता काढता ही एवढंच म्हणाली, "त्यांचा अर्ज कुठे आहे?"

"बघावं लागेल."

"मग बघा."

सोमवारी मी कार्यालय उघडायच्या आधी पोचलो. कार्यालयाच्या पहारेकऱ्याला वाटलं, घरी काही वाईट झालंय. अर्ज माझ्याच खणात सापडला, तळाशी. सगळे कागद पूर्ण, शिक्का बसलेला. फक्त घराच्या क्रमांकावर शाईचा एक ठिपका पडला होता. तो तीन आहे की आठ, हे मला त्यांना विचारायचं होतं. त्या सात वेळा समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी खुर्चीत बसलो. मग जुन्या नोंदींतून त्यांच्याच घरची एक नोंद काढून पत्ता पडताळला. पाच मिनिटं लागली. कोरा दाखला घेतला, सुवाच्य अक्षरात भरला. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली, माझ्याकडे न बघता. मी धावत गोदामात गेलो.

तिथे पुढच्या प्रयोगाची तालीम चालली होती. मी पिशवीवाल्या बाईंपुढे दाखला दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, "चुकलो. सातही वेळा चुकलो." हे वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं.

बाईंनी पदराला हात पुसले, पिशवीतून चष्मा काढला आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचला. सगळे थांबून बघत होते. बाईंचं बोट एका जागी अडकलं.

"यात तर मी वारले आहे," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. मयताच्या नावापुढे त्यांचं नाव होतं. अर्जदाराच्या नावापुढे त्यांच्या यजमानांचं.

"आणि अर्ज यांनी केलाय," त्या पुढे म्हणाल्या. कागद त्यांनी जरा जवळ धरला. "आयुष्यात कधी एक कागद भरला नाही त्यांनी. सगळे मीच भरायचे." मग त्या हसल्या, आधी बारीक आणि मग खांदे हलेपर्यंत, आणि डोळे पुसून त्यांनी दाखला माझ्या हातात परत ठेवला. "दुरुस्ती कुठे होते?"

"पाच नंबरला."

"मग जाऊन या तुम्ही. मी कामात आहे."

बरोबर दाखला त्यांना दहाव्या दिवशी मिळाला. घर नावावर झालं. त्या दहा दिवसांत मी तो चुकलेला दाखला घेऊन एक नंबरला गेलो, दोनला गेलो, तीनला शिक्क्याची शाई संपली होती म्हणून परत आलो, आणि पाच नंबरने, ज्याच्याशेजारी मी एकोणीस वर्षं डबा खातोय, मान वर न करता सांगितलं की साहेब रजेवर आहेत.

त्या दिवसांतली एक सकाळ मात्र मी घरी कुणाला सांगितलेली नाही. मी पाच नंबरच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या रांगेत तेरा माणसं होती. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं, चार नंबरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा माणूस असतो कुठे हो?"

"येईल इतक्यात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे कीव करून बघितलं. "तुम्ही पहिल्यांदाच आलेले दिसता," ते म्हणाले.