तिसरा पुकारा

महाडात आमच्या आळीत संध्याकाळचे सात वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. शेजारच्या ओट्यावरून खणखणीत आरोळी येते, "मनीबाई धोंडू साळुंखेऽऽ हाजिर हायऽऽ?" नवीन माणूस दचकतोच. त्याला वाटतं, कोणाला तरी पकडून नेतायत! अहो, कसलं काय! मांजराला जेवायला बोलावतायत.

धोंडूआबा साळुंखे कोर्टात शिपाई होते. सगळी नोकरी पुकारे देण्यात गेली. निवृत्त झाले तरी त्यांच्या जिभेवरचं कोर्ट काही उठलं नाही. काकी गेल्यापासून घरात ते आणि मनी, दोघंच. पहिल्या पुकाऱ्याला मनी ढुंकून बघत नाही. दुसऱ्याला मात्र शेपटी ताठ करून हजर!

"पयल्या हाकेला आली तर मान जाईल ना तिचा," आबा मला समजावतात.

मी मांजरांची जन्माची वैरीण. माझं दूध, माझे बोंबील, काही म्हणून ठेवत नाही ती सटवी. तक्रार घेऊन गेलं की आबा तिचं वकीलपत्र घेतात. "खाताना कुणी बघितलं? साक्षीदार हाय? नाय ना? मग संशयाचा फायदा." वर मलाच चहा पाजतात!

मागे एकदा तिने माझ्या तळलेल्या बांगड्यात तोंड घातलं. माझं डोकंच फिरलं. केरसुणी घेऊन मागे धावले. ती कुंपणावरून उडाली ती थेट आळीत उभ्या असलेल्या भाजीच्या टेम्पोत, आणि टेम्पो सुटला की हो! मी केरसुणी घेऊन तशीच उभी.

बोलायची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी आबांनी दोनदाच पुकारलं. दुसऱ्या दिवशीही दोनदाच. ताटलीतला दूधभात तसाच.

"आबा, तिसऱ्यांदा का नाही पुकारत?"

"येडी का काय? तिसऱ्या पुकाऱ्याला आली नाय, तर प्रकरण निकालात निघतंय."

मला राहवेना. घडाघडा सगळं कबूल केलं. आबा रागावले नाहीत. ओरडले, "टेम्पो कुणाचा?" मी नाव सांगताच लावला फोन! टेम्पोवाला म्हणाला, "मांजर होय? पोलादपूरला स्टँडसमोर गोणी उतरवताना टुणकन पळाली!"

आबांनी पायात चपला घातल्या त्याही दोन वेगळ्या. रिक्षा केली आणि हायवेने सुसाट निघालो. रस्ताभर आबा रिक्षावाल्याला म्हणत होते, "जरा दाब रे, जरा दाब!"

पोलादपूरला स्टँडसमोरच्या भाजीच्या दुकानापुढे आबा छाती भरून उभे राहिले. "मनीबाई धोंडू साळुंखेऽऽ हाजिर हायऽऽ?" अख्खा स्टँड वळून बघायला लागला. टपरीवर चहा पिणारे एक काळ्या कोटातले वकील सवयीने ताडकन उठलेच! दुसरा पुकारा झाला. गोण्यांमागे काही हललं नाही.

आबा रिक्षाकडे वळले. "चल गो सुमन, घरी जाव. उद्या परत येव."

"अहो, आणखी एकदा पुकारा ना!"

ते मानच हलवत राहिले. मग मीच, मांजरांची वैरीण, सगळ्यांदेखत गळा काढला, "मने! ये गो माझे बाय! बांगडा देते तुला!"

आणि काय सांगू! कांद्याच्या गोण्यांमागून धुळीने माखलेली, भुकेलेली मनी बाहेर आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आबांच्या पायात! लोकांनी टाळ्या वाजवल्या, वकीलसाहेबांनी तर शिट्टी मारली. मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

परतताना मनी आबांच्या मांडीवर झोपली. मला खोडी काढल्याशिवाय चैन पडेना. "काय आबा, एवढ्या लांब आलो आणि तिसऱ्या पुकाऱ्याला घाबरलात! इथे काय कोर्ट होतं?"

आबा तिच्या कानामागे खाजवू लागले.

"तुझी काकी गेली ना, तवा मी तिला तीन हाका मारल्या गो," ते म्हणाले. "दोन हाकांपर्यंत वाटत होतं, उठंल."