जंतूंचा नायनाट आणि सातवा कप

आमच्या अख्ख्या चहा कंपनीत माझ्यासारखी जीभ नाही! डोळे बांधा, एका घोटात पानं कुठल्या मळ्यातली ते सांगतो. मुख्य चाखणाऱ्याची जागा रिकामी झाली, तेव्हा ती माझीच, हे मी धरूनच चाललो होतो. परीक्षा महिन्यावर आली आणि नेमक्या हिरड्या सुजल्या.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गुळण्यांच्या औषधाची बाटली दिली. "सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. पुढे एक दिवसही नाही!"

पुढे नाही म्हणे! तोंडात जंतू ठेवून परीक्षेला बसू? मी आणखी बाटल्या आणून महिनाभर, दिवसातून पाच वेळा गुळण्या केल्या. एरवी बायकोच्या चहात मी रोज दहा चुका काढतो. त्या महिन्यात एकही सापडली नाही. म्हटलं, सुधारली एकदाची!

परीक्षेला टेबलावर कपांची रांग. घोट ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, मत द्यायचं. पहिला कप, काही नाही. दुसरा, काही नाही. सहाही सारखेच! माझं डोकंच फिरलं. "हे काय चहा आहेत? सगळे पुचाट!" पण सगळ्यांनाच नावं ठेवून कसं चालेल? म्हणून शेवटच्या, सातव्या कपाला जीव तोडून वाखाणलं. "वा! उंचावरचा मळा! कोवळी पानं! काय नाजूक चव!"

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, ते चमचे विसळायचं पाणी आहे."

जागा शेजारच्या टेबलावरच्या टकल्याला मिळाली. त्या टकल्याला!

मी तडक दवाखान्यात. "कसलं विष दिलंत मला?"

बाईंनी 'आ' करायला लावलं. दात जुन्या गाळणीसारखे तपकिरी झालेले. आता त्याच माझ्यावर तडकल्या. "सात दिवस सांगितले होते ना? वाईट जंतूंबरोबर चांगलेही मारलेत! ते तोंडाची राखण करतात. आणि या औषधाने चव जाते, दात डागाळतात, हे बाटलीवर लिहिलंय. वाचता येतं ना? बंद करा. येईल चव हळूहळू."

घरी आलो, बाटली कचऱ्याच्या डब्यात आपटली आणि बायकोला सगळं रामायण ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर नवीकोरी बाटली. पहिलीच्या दुप्पट!

"ही कुणी आणली?" मी गरजलो.

"मी," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या चहाला कुणी नावं ठेवली नाहीत. नोकरीचं बघू हो, तुम्ही आधी गुळण्या करा!"