बारा सेकंदांचं चालणं

नवनाथ माणसांच्या मागून चालायचा. पाठलाग म्हणावा तर त्याला कुणाकडून काही नको असायचं, आणि वेड म्हणावं तर हातात वही-पेन्सिल असायची. नगरच्या चितळे रोडवर एखादे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन निघाले की हा चार पावलं अंतर ठेवून मागे. त्यांचा डावा पाय बाहेरच्या बाजूला पडला की ह्याचाही तसाच पडणार. एकदा एका वजनदार सराफांच्या मागून असाच डुलत गेला, तेव्हा त्यांच्या मुलानं कॉलर धरली. नवनाथ शांतपणे म्हणाला, "शेठ, मी टिंगल न्हाई करत. तुमच्या उजव्या टाचंवर लई भार पडतोय, गुडघा दुखत आसंल." गुडघा खरंच दुखत होता. सराफांनी त्याला दुकानात बसवून चहा पाजला आणि वर औषध विचारलं. मी त्याच्या बरोबर होतो. मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

मी नवनाथवर जळायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको.

आम्ही दोघं नगरमध्येच एका ॲनिमेशनच्या कोर्सला होतो. मी सावेडीचा. वडिलांनी दहावीनंतर टॅब्लेट घेऊन दिलेला, घरी मोठा कॉम्प्युटर, भिंतीवर चित्रकलेची प्रशस्तिपत्रकं. नवनाथ काष्टीचा. त्याच्याकडे काय होतं? एक काच, तिच्याखाली एक बल्ब, आणि कडेनं तडा गेलेला मोबाईल. काचेवर कागद ठेवायचा, चित्र काढायचं, त्यावर दुसरा कागद ठेवून जरा पुढचं चित्र काढायचं, मग सगळ्यांचे मोबाईलवर फोटो घ्यायचे आणि ते भराभर पळवायचे. एका सेकंदाला बारा चित्रं. मी टॅब्लेटवर जे तासात करायचो त्याला ह्याला दोन दिवस लागायचे, आणि वर्ग मात्र ह्याच्या मोबाईलभोवती गोळा व्हायचा.

"टाच बघ, टाच," हे त्याचं पालुपद. "मानूस तोंडानं खोटं बोलंल, टाच बोलायची न्हाई." वहीत त्याच्या नोंदी असायच्या: 'दिल्ली गेट, वडापाववाला, टाच घासतो, घरी भांडून आलाय.' 'माळीवाडा स्टॅण्ड, कंडक्टर, सुट्टीचा दिवस, टाच उडती.' दुसरं पालुपद, "वजन कुठंय?" माझं कुठलंही काम बघितलं की हे ठरलेलं. एकदा मी चिडून म्हटलं, वजन म्हणजे नक्की काय ते तरी सांग. त्यानं होस्टेलच्या मेसमधून गव्हाचं अर्धं पोतं आणलं, माझ्या पाठीवर दिलं आणि मला तिसऱ्या मजल्यावर चढवलं. स्वतः वही घेऊन मागे. वर पोचल्यावर म्हणाला, "आता कळलं?" मला फक्त पाठ कळत होती.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं स्वतःची फिल्म करायची होती. त्यातली एकच पुण्याच्या विद्यार्थी महोत्सवात जाणार होती, आणि ती माझी असावी ह्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी रोबोटची फिल्म केली. चालणं मला जमत नव्हतं, म्हणून मी त्याला उडवलं. मागे तारे, निळा उजेड, गरागरा फिरणारा कॅमेरा. सर म्हणाले, "उडतो छान." नंतर बराच वेळ विचार करून म्हणाले, "खरंच, उडतो छान."

नवनाथची गोष्ट सांगायला एक वाक्य पुरे. एक माणूस संध्याकाळी वाटेनं चालत घरी येतो, दारात बाई उभी आहे. संपलं. ह्यात महोत्सवात पाठवण्यासारखं काय आहे, असं मी चार जणांना बोलूनही दाखवलं. मग त्यानं त्या माणसाच्या चालण्याचा कच्चा नमुना दाखवला. फक्त बारा सेकंद, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. सरांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या रोबोटला त्यांनी चष्मा लावून बघितलं होतं.

"झालं की रे," सर म्हणाले. "आता पक्कं कर आणि दे."

"न्हाई सर," नवनाथ म्हणाला. "ह्यो त्यो न्हाई."

आणि त्यानं ते सगळे कागद बाजूला टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या सोमवारी नवा माणूस, नवी चाल. पहिल्यापेक्षा सरस. परत "ह्यो त्यो न्हाई." असं पाच महिने चाललं. त्यानं टाकून दिलेलं प्रत्येक चालणं माझ्या अख्ख्या फिल्मपेक्षा चांगलं होतं. मला रडू यायचं ते ह्या गोष्टीचं. एकदा तर त्यानं टाकलेला एक गठ्ठा मी हळूच घरी नेला, गिरवून बघितला. मला तो गिरवताही आला नाही.

सर आम्हाला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवायचे: फिल्म चांगली करू नका, पुरी करा. मी हा धडा मनापासून पाळला, कारण नवनाथची पुरी झाली नाही तर माझीच जाणार हे मला माहीत होतं.

सोमवारी पाचपर्यंत फिल्म जमा करायची होती. आदल्या शुक्रवारी सरांनी नेमकं मला बोलावलं. "नवनाथ शनिवारी गावी असतो. जा, कान धरून आण त्याला. त्याचे शेवटचे कागद कुठलेही असूदेत, ते घे." हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तरी शनिवारी मी काष्टीवरून जाणारी दौंडची एसटी धरली.

काष्टीला बाजाराचा दिवस होता. पत्ता विचारत गेलो तर नवनाथ अंगणात आईशेजारी उकिडवा बसलेला, मोबाईल तिच्या डोळ्यांपुढे धरून. मला बघून तो फक्त मान हलवून हसला. आई ज्वारी निवडायचं थांबवून बघत होती. बारा सेकंद बघितलं, परत लाव म्हणाली, परत बघितलं.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "ह्यो लई घाईत हाय. तुजा बाप निवांत चालायचा."

"मागल्या खेपंला घाईत चालायचे म्हणलीस, आये."

"बाजाराला जाताना घाईत. येताना निवांत. येताना मला शेव आणायचा पुड्यात बांधून, ती हातात न धरता खिशात घालायचा. सगळा चुरा."

मग मला उलगडा झाला. नवनाथचे वडील, त्याचे नाना, ह्याच बाजारात दुसऱ्यांचे बैल चालवून दाखवायचं काम करायचे. गिऱ्हाईक आलं की कासरा धरायचा आणि बैल चार फेऱ्या फिरवायचा, म्हणजे त्याच्या पायात खोट आहे का कळतं. नवनाथ तीन वर्षांचा असताना ते गेले. घरात एकच फोटो, तोही खुर्चीत बसलेला.

"बाजारात सगळ्यांला इचारलं मी," नवनाथ म्हणाला. "कुठल्या सालचा कुठला खिलार कसा चालायचा, ते सांगत्यात अजून. कासरा धरलेल्या मानसाकडं कुनीच बघितलं न्हाई."

माझ्यासाठी भेळ आणतो म्हणून तो बाजारात गेला. मी त्याच्या आईला, मावशींना, सरांचा निरोप सांगितला. म्हटलं, सोमवारी दिली नाही तर तो नापास होईल. तुम्ही एकदा नीट आठवून सांगा, म्हणजे सुटेल.

त्यांनी सुपातली ज्वारी एकदा पाखडली. "दादा, खरं सांगू का? मला बी आता आठवत न्हाई. त्येंचं तोंड आठवतं, आवाज आठवतो. चालनं न्हाई आठवत. लई वर्सं झाली."

"मग 'हाच' म्हणा ना."

"व्हय म्हणलं की दर शनवारी कशाला यील त्यो?" त्या म्हणाल्या. "शहरात गेलेली पोरं सणाला येत्यात. माजं दर आठवड्याला येतंय."

नवनाथ भेळ घेऊन आला. मी ती खाल्ली आणि गप्प बसलो. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी होतो, तरी गप्प बसलो. त्या माऊलीचं गुपित राखतोय, अशी मी मनाची समजूत घातली. ते पुरतं खरं नव्हतं. मी बोललो असतो तर त्यानं सोमवारी फिल्म दिली असती, आणि माझा रोबोट नगरमध्येच राहिला असता. गप्प बसण्यात माणुसकी किती आणि मत्सर किती, ह्याचा हिशेब मला रविवारभर लागला नाही.

सोमवारी साडेचारच्या सुमारास कॉलेजच्या पायऱ्यांवर तो बसला होता. मी शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "तुझ्या आईला आठवत नाही रे. तू यावंस म्हणून ती नाही म्हणते. दे फिल्म. कुठलीही दे, सगळ्याच चांगल्या आहेत." शेवटचं वाक्य मला जड गेलं, पण म्हटलं.

नवनाथ समोरून जाणाऱ्या शिपायाची टाच बघत होता.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. तिसऱ्या खेपंला जे दाखवलं हुतं, तेच परत दाखवलं. म्हणली, ह्यो नवा हाय."

"मग देत का नाहीस? नापास होशील."

"पुढच्या बॅचला बसंन." त्यानं हातातली वही मिटली. मग म्हणाला, "केदार, तिनं नानांचं कधी काय सांगितलं न्हाई मला. इचारलं तर उठून जायची. पन चालनं दाखवलं आन ती न्हाई म्हणली, की मंग सांगती. शेवेचं सांगितलं. येकदा नदीत चप्पल गेल्ती ते सांगितलं. फिल्म दिली की त्यो बारा सेकंदाचा मानूस माजा बाप ठरंल. मंग ती काय सांगंल, आन मी काय इचारू?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा, पाच वाजत आले. तुजा रोबोट दे."

मी वर गेलो आणि दिला. सरांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि विचारलं, "नवनाथ?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्याच्या आईला अजून चाल पटली नाही म्हणे."

सरांनी महोत्सवाच्या यादीत माझं नाव लिहिलं. नवनाथसाठी मी पहिल्यांदाच खोटं बोललो होतो, आणि बोलतानाही मला त्याचा हेवाच वाटत होता.